खाडीकाठची केबिन: तीस फुटी शिडाच्या बोटीतील लाकडी कपाटांचे एक प्रकरण

हे प्रकरण नेरुळ येथील एका निवृत्त सागरी अभियंत्याच्या बोटीचे आहे. व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून नोकरी केलेल्या या गृहस्थांनी फायबरग्लासची, सुमारे ३० फूट लांबीची जुनी शिडाची बोट विकत घेतली आणि पावसाळ्यापूर्वी ती पाण्याबाहेर काढून बेलापूरच्या खाडीकाठी एका आवारात लाकडी आधारांवर उभी केली. केबिनमधील कपाटे आधीच्या मालकाने फ्लॅटचे इंटिरिअर करणाऱ्या एका ठेकेदाराकडून करून घेतलेली होती. ती दिसायला नेटकी होती, परंतु दारे फुगून अडकत होती, बिजागऱ्या गंजल्या होत्या आणि केबिनचे झाकण उघडताच कुबट वास येत असे. नव्या मालकांची मागणी साधी होती: त्याच जागी, त्याच मापाची, पण चांगल्या प्लायवूडची कपाटे हवीत. प्रस्तुत लेखकाकडे आराखडा व देखरेख होती, आणि प्रत्यक्ष काम खारघर-बेलापूर परिसरात वर्षानुवर्षे घरांचे फर्निचर केलेल्या एका अनुभवी मिस्त्रींकडे होते. बोटीचे काम त्यांनी यापूर्वी केलेले नव्हते. या प्रकरणात ही गोष्ट अडचणीची कमी आणि उपयोगाची जास्त ठरली, कारण घरकामातील प्रत्येक सवय इथे का चालत नाही हे त्यांना पटवून देताना आम्हालाही प्रत्येक निर्णयाचे कारण नीट मांडावे लागले.

जुन्या कपाटांची तपासणी

जुनी कपाटे उतरवतानाच मूळ दोष समोर आला. ती उतरत नव्हती. स्क्रूंची डोकी सनमायकाखाली गाडलेली होती, पाठीमागच्या कडा बोटीच्या कवचाला सिलिकॉनने चिकटवलेल्या होत्या, आणि शेवटी करवत लावूनच ती बाहेर काढावी लागली. स्वयंपाकाच्या ओट्यामागील फळी कापल्यावर सिंकच्या निचऱ्याचा सी-कॉक, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली कवचाला पाडलेल्या भोकावरचा झडपेचा नळ, प्रथमच नजरेस पडला. त्याची मूठ हिरव्या थराने जाम झाली होती. मालक तोवर शांतपणे सारे पाहत होते. कुजलेल्या फळ्यांचे त्यांना काही वाटले नव्हते, पण हा नळ पाहून मात्र त्यांचा चेहरा बदलला. ‘‘मिस्त्री, ही नळी फुटली असती तर बोट बुडेपर्यंत माझा हात इथे पोहोचला नसता,’’ असे ते म्हणाले. प्लायची प्रत बदलून सुटणारा हा प्रश्न नव्हता, हे त्या क्षणी सर्वांच्या लक्षात आले.

कुजण्याची जागाही बोलकी होती. समुद्राचे पाणी जिथे उडते त्या जिन्यालगतच्या भागात लाकूड बऱ्यापैकी टिकलेले होते, तर नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, बंद कपाटांत, जिथे खारे पाणी कधी पोहोचतही नाही, तिथे फळ्यांच्या खालच्या कडा बोटाने उकरता येत होत्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढण्यासाठी लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात ती अधिक सुखाने वाढते, आणि ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक गोडे पाणी आकाशातून पडते. डेकच्या कठड्याचे खांब ज्या बोल्टांनी बसवलेले होते, त्या भोकांतून पाझरणारे पावसाचे पाणी कवचाच्या आतून ओघळत कपाटामागे उतरत होते. त्यात रात्री थंड झालेल्या कवचावर दमट हवेचे थेंब जमत, तेही त्याच वाटेने खाली जात. सिलिकॉनमुळे मागची पोकळी हवाबंद झाली होती. पाणी आत यायला वाट होती, पण वाळायला नव्हती. खारे पाणी निर्दोष असते असे नाही. मीठ लाकडात राहिले की ते हवेतला ओलावा ओढत राहते आणि पृष्ठभाग पूर्णपणे सुकत नाही, म्हणून भिजलेला भाग गोड्या पाण्याने पुसावा लागतो. परंतु येथील नासाडीचे श्रेय पावसाला आणि कोंडलेल्या हवेला जाते.

प्लायवूडबद्दल इथेच बोलले पाहिजे, कारण बाजारात ‘मरीन’ या शिक्क्याभोवती बराच गैरसमज आहे. भारतीय मानकांपैकी आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे आणि आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक आहे. ७१० च्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवण्याची कसोटी पार करावी लागते. ही कसोटी मुख्यतः थरांमधील फिनॉलिक गोंदाची आहे. थर सुटणार नाहीत एवढे आश्वासन ती देते, लाकूड कधीच कुजणार नाही असे नाही. शिवाय शिक्का खरा असला तरी आतल्या थरांत सांधे उघडे राहिले असतील, तर त्या पोकळीत पाणी साचते. म्हणून प्रत्येक शीट घेताना आम्ही चारही कडा उजेडात पाहिल्या आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून आवाज ऐकला. पोकळ आवाजाची शीट परत केली, तेव्हा दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. किचनच्या ट्रॉलीसाठी एवढी चौकशी त्याच्याकडे कोणी करत नसावे.

तपासणीत आणखी दोन बाबी आढळल्या. कपाटांना आधार देणाऱ्या पट्ट्या पॉलिएस्टर रेझिन व काचतंतूंनी कवचाला जोडलेल्या होत्या, आणि त्या हाताने ओढून निघत होत्या. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला कायमचे धरून राहत नाही, त्यात खालचा जुना रंगही खरवडलेला नव्हता, म्हणजे तो जोड प्रत्यक्षात रंगाच्या पापुद्र्यावर उभा होता. दुसरी बाब वजनाची. सारे काम १८ मिलिमीटरच्या बोर्डात केलेले होते. अशा जाडीच्या ८ बाय ४ फुटी प्लायशीटचे वजन साधारण ३५ ते ३८ किलो भरते, तर १२ मिलिमीटरच्या शीटचे २५ किलोच्या आसपास. या बोटीचे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ अंदाजे ११ चौरस मीटर धरले, तर जवळपास ११० किलो वजन वाढले की ती १ सेंटिमीटर खाली बसते. सेंटिमीटर किरकोळ वाटेल, पण ते वजन एकाच बाजूला असेल तर बोट स्थिर पाण्यातही कायमची कललेली राहते. या बोटीत ओटा, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी हे सगळे डाव्या हाताला होते.

ठरवलेला क्रम

यावरून कामाचा क्रम ठरला, आणि तो मालकांच्या मूळ मागणीपेक्षा वेगळा होता. आधी डेकची गळती बंद करायची, मग कवचाच्या प्रत्येक भागापर्यंत हात आणि हवा पोहोचेल अशी रचना ठरवायची, आणि त्यातून जी जागा उरेल तीत कपाटे बसवायची. घरात भिंत आधी येते आणि तिच्या मागे काय आहे याची चिंता कपाटाला नसते. बोटीत ती ‘भिंत’ म्हणजे काही मिलिमीटर जाडीचे कवच असते, तिच्या पलीकडे पाणी असते, आणि ती भिंत तपासता येणे हे कपाटाच्या सोयीपेक्षा महत्त्वाचे असते. साठवणीची जागा यामुळे कमी होते, आणि मालकांनी ती कमी झाल्याची कुरकुर केलीही. सी-कॉकची आठवण करून दिल्यावर ती थांबली.

बोटीचे काम दोन भागांत विभागले. कवचाला कायमचे जोडलेले उभे आडपडदे, जे बोटीला ताठपणाही देतात, आणि त्या पडद्यांवर स्क्रूने बसवलेली, पूर्णपणे सुटी होणारी कपाटे. दुसऱ्या भागातील कोणतीही वस्तू एका माणसाला एका स्क्रूड्रायव्हरने काढता यावी आणि ती जिन्याच्या तोंडातून बाहेर जावी, ही अट घातली. जिन्याचे तोंड जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद होते. त्यामुळे कारखान्यात अख्खे कपाट जोडून आणण्याचा मिस्त्रींचा बेत पहिल्याच दिवशी रद्द झाला.

डेकवरचे सर्व खांब व कड्या काढून, भोके मोठी करून ती घट्ट केलेल्या इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने, भरली, आणि पुन्हा त्यातून लहान भोक पाडून बोल्ट बसवले. असे केले म्हणजे सील पुढे कधी निकामी झाले तरी पाणी डेकच्या आतल्या गाभ्यात शिरत नाही. मग पाइपने पाणी मारून आत कोरड्या वर्तमानपत्रांवर डाग पडतो का, हे पाहिले. या टप्प्यात कपाटाची एकही फळी कापली गेली नाही, आणि मजुरी मात्र चालू होती. मालकांना हे सांगणे थोडे अवघड गेले.

माप घेण्याचा प्रश्न

या कामातील सर्वांत रंजक भाग माप घेण्याचा होता आणि मिस्त्रींचा खरा कस तिथेच लागला. गुण्या, ओळंबा आणि स्पिरिट लेव्हल या तीन साधनांवर घरातले सुतारकाम उभे असते. बोटीत एकही काटकोन नसतो, कवच खाली आणि नाळेकडे अशा दोन्ही दिशांनी वळत जाते, आणि बोट पाण्यात असेल तर बुडबुडा एका जागी थांबतच नाही. ठाण्याच्या खाडीत आणि तिच्या फाट्यांत भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला ४ मीटरच्या पुढे जातो. ओहोटीला चिखलात बसलेली बोट तर हवी तशी कलते. जमिनीवर उभ्या असलेल्या आमच्या बोटीतही लेव्हल लावून उपयोग नव्हता, कारण ती आधारांवर सरळ उभी असेलच याची खात्री काय?

त्यावर उपाय जुनाच होता. पारदर्शक नळीत पाणी भरून बोटीच्या दोन्ही बाजूंवरील पाण्याच्या पातळीच्या रंगवलेल्या रेषा एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि आधारांखाली पाचरी ठोकून आडव्या दिशेने बोट समतल केली. लांबीच्या दिशेने मात्र आवाराची जमीन खाडीकडे उतरती होती आणि एवढी बोट उचलणे धोक्याचे होते. त्या दिशेचा उतार १ अंश भरला. मग १ मीटर लांबीच्या लेव्हलच्या एका टोकाखाली १७ मिलिमीटर जाडीचा ठोकळा कायमचा चिकटवून टाकला. नाळेकडे लांबीने मापताना ही ‘खोटी’ लेव्हल वापरायची आणि तिचे ठोकळ्याचे टोक नेहमी खाडीकडे ठेवायचे, एवढा नियम केला. मिस्त्रींना ही युक्ती फार आवडली. त्या लेव्हलवर त्यांनी लाल रंगाने मोठी फुली मारून ठेवली, म्हणजे चुकून ती एखाद्या फ्लॅटच्या कामावर जायला नको.

कवचाच्या वळणाशी फळी जुळवण्यासाठी काठीची पद्धत वापरली. आडपडदा जिथे येणार तिथे टाकाऊ प्लायचा एक तुकडा उभा पक्का करायचा. एक टोकदार पट्टी घ्यायची, जिच्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेला क्रमांक आहे. पट्टीचे टोक कवचाला टेकवायचे, पट्टी प्लायवर आडवी ठेवून तिची कड पेन्सिलने आखायची आणि एका खाचेची खूण करून क्रमांक लिहायचा. असे वळणावर दर चार-पाच सेंटिमीटरला करायचे. नंतर तो तुकडा नव्या शीटवर ठेवून पट्टी पुन्हा प्रत्येक रेषेवर आणि खाचेवर बसवली, की टोक जिथे येते तो कवचावरचा बिंदू असतो. बिंदू जोडले की वळण मिळते. यात कोठेही आकडा मोजावा लागत नाही, त्यामुळे आकड्याची चूकही होत नाही. पातळ लवचिक पट्टी बिंदूंवर वाकवून रेषा आखली, आणि कवच तिरके जाते त्या बाजूला कड उतरती कापली. उतरत्या कडेत मोठी बाजू कोणती हे आधी ठरवले नाही तर फळी लहान कापली जाते, म्हणून प्रत्येक तुकड्यावर ‘नाळेकडची बाजू’ असे खडूने लिहून ठेवले.

फळी मिळवली म्हणजे ती कवचाला घट्ट भिडवायची, ही सुतारकामातील अभिमानाची गोष्ट. इथे ती मुद्दाम टाळावी लागते. पडद्याची कड थेट कवचावर टेकली तर लाटांच्या माऱ्यात कवच दोन्ही बाजूंना लवते आणि त्या रेषेवर मात्र लवत नाही. काही वर्षांनी बाहेरून तिथे तडे दिसू लागतात. म्हणून कडेला ८ मिलिमीटरची फट ठेवून तीत मऊ फोमची पट्टी घातली, दोन्ही बाजूंना घट्ट इपॉक्सीची गोलसर भर घातली आणि त्यावर काचेच्या फिती इपॉक्सीनेच चढवल्या. त्याआधी कवचाचा रंग खरवडून खाली फायबरग्लास उघडे केले. हे काम मास्क लावूनच करावे, काचेची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. मे महिन्याच्या उष्म्यात इपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होऊ लागते, त्यामुळे मिश्रण उथळ ताटात पसरून, थोडे-थोडे करून वापरले. पावसाच्या सुरुवातीच्या दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा धरत असे, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात दिला नाही.

साहित्य आणि मतभेद

आडपडद्यांना १२, कपाटांच्या अंगाला ९ आणि दारांच्या आतल्या फळीला ६ मिलिमीटरची प्लाय वापरली. पाडलेल्या जुन्या इमारतींतून निघालेल्या बर्मा सागाच्या तुळया चिरून कडा, चौकटी आणि पट्ट्या केल्या. असा साग वर्षानुवर्षे हवेत मुरलेला असतो, पण त्यात लपलेले खिळे रंध्याच्या पात्याचा जीव घेतात. सागातील तेलामुळे गोंद धरत नाही, म्हणून प्रत्येक सांधा जोडण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसला. रुंद सलग सागाची फळी कुठेही वापरली नाही. जुलै आणि एप्रिल यांच्या दमटपणात लाकडाचा ओलावा ५-६ टक्क्यांनी बदलला तर ३० सेंटिमीटर रुंद फळी सुमारे ३ मिलिमीटरने हलू शकते, आणि बोटीतल्या दाराला तेवढा बदल पुरतो.

मिस्त्रींशी खरा वाद ड्रॉवरवर झाला. टेलिस्कोपिक चॅनेल आणि सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या नसतील तर काम जुनाट दिसेल, असे त्यांचे म्हणणे. वाऱ्यावर बोट २० अंश कलली की हेच गुळगुळीत चॅनेल भरलेला ड्रॉवर केबिनभर उधळतात, शिवाय त्यातले पोलादी गोळे खाऱ्या हवेत वर्षभरात जाम होतात. त्याऐवजी लाकडी धावपट्ट्या घातल्या आणि पुढच्या बाजूला खालून खाच ठेवली, म्हणजे ड्रॉवर १२ मिलिमीटर उचलल्याशिवाय उघडत नाही. दारांना चुंबकाऐवजी आतून खिट्टी दिली. दारातल्या भोकात हाताचे बोट घालून उघडायची खिट्टी दिसते छान, पण हेलकाव्यात ते बोट अडकून मोडण्याचे प्रकार होतात, म्हणून मालकांनी बाहेरून दाबायची पितळी कळ पसंत केली. ओट्याच्या कडेला ४० मिलिमीटर उंच उभ्या पट्ट्या दिल्या आणि कोपऱ्यांत त्या तोडल्या, म्हणजे सांडलेले पुसून काढता येते. उभे राहताना ज्या कडा हाताला लागतील त्या सर्व मुठीत मावतील अशा गोल केल्या. मिस्त्रींनी सुरुवातीला सजावट समजून त्यात नक्षी सुचवली होती. भर समुद्रात त्या कडेला माणूस आपले सगळे वजन टाकतो हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून तिथे दुप्पट स्क्रू घातले.

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणले. ३०४ आणि ३१६ यांतला फरक डोळ्यांनी कळत नाही, चुंबकानेही नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते आणि ते थेंबाच्या रासायनिक चाचणीने ओळखता येते. तरीही ओल्या लाकडात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे ३१६ सुद्धा फटीतून गंजते. तेव्हा प्रत्येक भोक आधी इपॉक्सीने माखले.

दुसरा मतभेद गॅसचा होता. मालकांच्या वास्तुविशारद भाच्याने काढलेल्या नकाशात ५ किलोचा सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात दाखवला होता, घरातल्यासारखा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर तो जमिनीलगत पसरून दाराखालून निघून जाऊ शकतो, पण बोटीच्या तळातून तो कुठेही जात नाही आणि इंजिन सुरू करताना पडणारी एक ठिणगी पुरते. या विषयावर चर्चा करण्यासारखे काही नव्हते. सिलिंडर मागच्या उघड्या भागात, केबिनपासून पूर्ण बंद आणि तळातून थेट बोटीबाहेर निचरा असलेल्या कप्प्यात हलवला, आणि ओट्याखालच्या मोकळ्या जागेत सी-कॉकसाठी उघडे दार दिले. त्या दारावर मालकांनी स्वतः झडपेचा क्रमांक रंगवला. उजव्या हाताला नकाशाचे टेबल आले आणि बॅटऱ्या त्याखाली गेल्या, त्यामुळे डाव्या बाजूचा कल बराचसा सुटला.

पॉलिशबद्दल थोडक्यात: सर्व कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात, आतून फिका पांढरा रंग, म्हणजे ओल आणि बुरशी लगेच दिसते, आणि सागाला मॅट वार्निश.

पुढच्या पावसाळ्यानंतर

पुढच्या पावसाळ्यात बोट पुन्हा त्याच आवारात होती. ऑक्टोबरच्या उन्हात प्रत्येक कपाट उतरवून पाहिले. सर्व स्क्रू सहज निघाले, कवच कोरडे होते, खांबांभोवती एकही ओघळ नव्हता. कपाटांच्या मागे ठेवलेल्या २० मिलिमीटरच्या पोकळीने आणि वर-खाली ठेवलेल्या फटींनी आपले काम केले होते.

अपवाद कपडे टांगायच्या कपाटाचा. त्याच्या दाराला हवा खेळण्यासाठी वेताची विणलेली जाळी लावली होती. ती मालकांच्या पसंतीची होती आणि दिसतही देखणी होती. पावसात ती सैल पडली आणि आतल्या बाजूने तिच्यावर काळे ठिपके आले. नैसर्गिक वेत ओल शोषतो, आणि कपाटाच्या वरच्या कडेला हवा बाहेर पडायला वाट फारच अरुंद राहिली होती. मिस्त्रींनी वेत काढून सागाच्या तिरक्या पट्ट्यांचे दार केले आणि वरच्या फळीत बोटभर रुंदीचा चर पाडला. बैठकीच्या दोन दारांवरची वेताची जाळी मात्र चांगली राहिली, कारण तिथे जिन्यातून थेट वारा लागतो. ती तशीच ठेवली आहे. मालकांना ओट्याशेजारी भांड्यांसाठी आणखी एक उंच कपाट हवे आहे. त्याच्यामागे डेकचा एक निचऱ्याचा पाइप येतो, तेव्हा तो पाइप आधी बाजूला वळवता येतो का, हे पाहूनच त्याचे माप घेण्याचे ठरले आहे.